वरीलप्रमाणे

दोनशे बाराव्या दिवशी ताई हसली, आणि तिथवरचं सगळं मुसळ केरात गेलं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण कावेरी. मी तापी. आमच्या बाबांना नद्यांचं वेड होतं आणि मुलींची नावं ठेवताना त्यांनी आईला विचारलं नव्हतं. ताई संथ आणि मी नावाप्रमाणे तापट, असं सगळं गाव म्हणतं. त्यात खोटं काही नाही. ताई बालाघाट प्रवासी सेवेची बस चालवायची, धारूरच्या घाटातून, सलग नऊ वर्षं. सपाटीवर तेव्हा विनाचालक बस सर्रास धावू लागल्या होत्या, पण घाटातल्या वळणांपुढे त्यांनी दोनदा हात टेकले, म्हणून तिथे अजून माणूस लागायचा. सोबतीला दुसरा माणूसही लागायचा, तसा नियमच होता. तो दुसरा माणूस म्हणजे भास्कर, ताईच्या गाडीचा वाहक आणि पुढे ताईचा नवरा.

दाजींनी तिला हसवून हसवून लग्नाला राजी केलं. तिकिटं फाडायचं काम यंत्राकडे गेल्यापासून त्यांच्याकडे तोंड चालवणं एवढंच काम उरलं होतं, आणि ते ते मनापासून करायचे. प्रत्येक थांब्याला एक कोटी. निम्म्या कोट्या रद्दी असत. पण समोरच्या आरशात ताईचे खांदे हलताना दिसले की दाजींचा दिवस सोन्याचा.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी चहा गाळता गाळता ताई खाली कोसळली. फिटचा झटका. महिन्याभरात आणखी दोन. प्रवासी सेवेनं तिच्या हातून गाडी काढून घेतली आणि तिला आगाराच्या चौकशी खिडकीत बसवलं. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. घाटात एका बाजूला सहाशे फूट दरी आहे.

मग शांतक नावाचं यंत्र आलं. आपल्या मेंदूत विजेच्या बारीक लाटा सतत चालू असतात. झटका म्हणजे त्यातल्या लाखो पेशींनी एकाच ठेक्यात ओरडायला लागणं. हा ओरडा सुरू होण्याआधी चाळीसेक सेकंद त्या लाटांमध्ये त्याची चाहूल लागते. कानामागे, कातडीखाली बसवलेली बटणाएवढी चकती ती चाहूल ओळखते, विजेचा हलका टिचका देते आणि ठेका मोडते. माणसाला कळतसुद्धा नाही. चकती स्वतःजवळ काही साठवत नाही, तिच्यात तेवढी जागाच नसते. जे दिसेल ते ती कमरेला लावलेल्या काड्यापेटीएवढ्या डबीला सांगते, आणि डबी दर मिनिटाला एक ओळ लिहिते. ‘सर्व ठीक’. किंवा ‘चाहूल, टिचका दिला’.

या डब्या सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम. जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयाच्या यंत्र विभागात मी बसते.

शांतक आल्यावर नियमही बदलला. सलग तीनशे पासष्ट दिवस एकही चाहूल नाही, अशी नोंद दाखवा आणि गाडी परत घ्या. नियमात एक पोटनियम होता, तो मला आता झोपेतही म्हणता येईल: ‘ज्या काळाची नोंद उपलब्ध नाही, तो काळ झटक्याचा समजण्यात येईल.’

औषधं लागू पडली. ताईचा पहिला दिवस सुरू झाला. ती स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर रोज एक बारीक ठिपका द्यायची. दोनशे अकरा ठिपके झाले, आणि मग अश्विनीची हळद आली.

* * *

अश्विनी आमची मामेबहीण. सकाळची वेळ, मांडवात ऊन, हळदीनं सगळ्यांचे हात पिवळे. बायकांनी दाजींना घेरलं आणि उखाणा घ्या म्हणून गळ घातली. दाजी उभे राहिले, शर्टाची बाही सारखी केली, आणि मोठ्यानं म्हणाले,

“चांदीच्या वाटीत ठेवला पेढा,
कावेरीचं नाव घेतो...”

आणि पुढचं विसरले. अख्खा मांडव थांबला. दाजींनी वर बघितलं, खाली बघितलं, मांडवाबाहेर बघितलं. बाहेर मामांचं जनावर चरत होतं.

“...दारात बांधलाय रेडा.”

ताईनं रेड्याकडे बघितलं, दाजींकडे बघितलं. मग तिनं अगदी गंभीरपणे विचारलं, “म्हंजे तुम्हीच का?” आणि तिचं तिलाच हसू फुटलं. आम्ही सगळेच हसलो, पण ताईचं थांबेना. ती पोट धरून सतरंजीवर बसली, मग आडवी झाली, डोळ्यांतून पाणी, तोंडातून आवाज नाही. जरा थांबली की दाजींकडे बघायची आणि पुन्हा सुरू. शेवटी मामींनी तिला पाणी पाजलं.

“मेलो असतो आज,” दाजी मला म्हणाले. त्यांच्या तोंडावर जत्रेत कुस्ती मारल्यासारखा आनंद होता.

चार दिवसांनी प्रवासी सेवेचं पत्र आलं. सकाळी दहा एकेचाळीस ते दहा बावन्न या अकरा मिनिटांची नोंद उपलब्ध नाही.

* * *

इथे थोडं यंत्राचं सांगावं लागेल, कारण पाप तिथे आहे आणि त्यात माझा वाटा आहे.

डबीत लिनक्स ही संगणकप्रणाली चालते. कुठल्याही लिनक्स यंत्रात एक नोंदलेखक असतो. यंत्रातले बाकीचे सगळे भाग आपापलं म्हणणं एका ठरलेल्या खिडकीवर आणून देतात आणि खिडकीमागचा नोंदलेखक ते लिहून ठेवतो. खिडकी एकच, तेव्हा तिच्यामागे बसणाराही एकच.

आमच्या डबीत मात्र दोघे होते. जुना रुग्णालयाचा. तो साध्या अक्षरांत लिहायचा. कुणीही उघडावं, वाचावं, मनात आलं तर खोडावंही. नवा प्रवासी सेवेनं बसवायला लावलेला. तो सगळं स्वतःच्या सांकेतिक लिपीत, मोहोर मारून लिहायचा. त्याच्याच वाचकयंत्राशिवाय ते उघडत नसे आणि एक अक्षर बदललं तर मोहोर तुटे. रुग्णालय जुन्याला सोडेना, प्रवासी सेवा नव्याशिवाय मानेना. मग तडजोड झाली. खिडकीवर नवा बसेल आणि येईल त्या प्रत्येक ओळीची प्रत मागे जुन्याला देईल. दोघं एकत्र नांदतात की नाही याची चाचणी मी घेतली. डबी टेबलावर दहा दिवस ठेवली आणि सुसंगतता प्रमाणपत्रावर सही केली. टेबलाजवळ त्या दहा दिवसांत कुणी हसलं नव्हतं.

ताई हसली तेव्हा चकती गोंधळली. चाहूल आहे की नाही हे तिला ठरवता येईना, म्हणून ती क्षणाक्षणाला डबीला सांगू लागली. मिनिटाला एक ओळ येणाऱ्या खिडकीवर हजारो ओळींची झुंबड उडाली. नव्याचा नियम असा की झुंबड झाली तर जास्तीच्या ओळी सोडून द्यायच्या, यंत्र गुदमरू नये म्हणून. त्याच्या कंपनीचं म्हणणं, आम्ही सोडलं तरी मागे जुना आहेच. जुन्याच्या कंपनीचं म्हणणं, खिडकीवर आम्ही नाही, मिळेल तेवढंच लिहिणार. दोघांच्या पुस्तिका मी वाचल्या. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी ताईची अकरा मिनिटं दोन्ही घरी उपाशी राहिली.

* * *

आगारातल्या सुनावणीला जिंतूरकर साहेब होते. परवान्यांचा विभाग त्यांच्याकडे. माणूस वाईट नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. वाईट असता तर भांडता आलं असतं.

“साहेब, दोनशे लोकांनी बघितलंय,” दाजी म्हणाले. “हसत होती ती. माझ्यामुळं हसत होती.”

“मी तुम्हाला खोटं म्हणत नाही,” साहेब म्हणाले. “पण नातेवाइकांची साक्ष घेता येत नाही. मी फक्त नोंद वाचतो. आणि इथं नोंद नाहीये. जुन्या लेखकाकडं काही आहे का, ते बघा. असलं तर मी वर शिफारस करतो.”

मी डबी सोबतच नेली होती. जुन्याची फाइल तिथेच उघडली. त्या वेळच्या तीन ओळी होत्या.

१०.४१ – सर्व ठीक
१०.४१ – नोंदी गाळल्या
१०.५२ – वरीलप्रमाणे, ११ वेळा

दाजींचा चेहरा उजळला. “हे काय, आहे की. वरीलप्रमाणे. म्हंजे सर्व ठीक.”

साहेबांनी चष्मा सारखा केला. “वरील म्हणजे कुठली ओळ?”

मी ती ओळ पुन्हा वाचली.

आमचे बाबा शाळेत कारकून होते. त्यांच्या दप्तरात पहिल्या ओळीत सगळा मजकूर असायचा आणि खाली पानभर, एकाखाली एक, ‘वरीलप्रमाणे’. इतकं देखणं अक्षर की लहानपणी मला वाटायचं, सगळ्यात सुंदर शब्द तोच. जुन्या लेखकाचीही तीच सवय. तीच ओळ पुन्हा पुन्हा आली तर तो ती लिहीत बसत नाही, मोजतो आणि शेवटी आकडा टाकतो. मूळ इंग्रजीत तो लिहायचा, ‘मागचा संदेश इतक्या वेळा आला’, आणि पुढे कंसात तो संदेश. डब्या मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी तिथे ‘वरीलप्रमाणे’ घातलं. आणि कंस काढून टाकला. वर लिहिलंय तेच पुन्हा कंसात कशाला? डोळ्याला बरं दिसत नव्हतं. ताईला दाखवलं तेव्हा ती म्हणाली होती, “बाबांचं अक्षर आठवलं गं.” मी आठवडाभर खुशीत होते.

जुना लेखक ओळ हातात घेतो, मोजत राहतो आणि मग लिहितो. त्या झुंबडीत ती ओळ फाइलमध्ये उतरायची गळून गेली; मोजणी तेवढी उतरली. कुठली तरी एक गोष्ट अकरा वेळा घडली होती. कंस असता तर ती कुठली हे कंसात असतं. ‘सर्व ठीक’ अकरा वेळा असेल. ‘चाहूल’ अकरा वेळाही असेल. वरील ओळ वर नव्हती.

हे मी साहेबांना सांगितलं. खोटं बोलता आलं असतं, पण डोकं तापलं की मला खरंच सुचतं.

“म्हणजे दोन्ही शक्य आहे,” साहेब म्हणाले.

“हो.”

“मग माझ्या हातात काही नाही, बाई.” त्यांनी फाइल बंद केली, पण लगेच बाजूला सारली नाही. “पहिल्या दिवसापासून मोजा. आजपासून.”

दोघांपैकी एक लेखक काढून टाकता येईल का, असं मी दोन्ही कंपन्यांना, रुग्णालयाला आणि प्रवासी सेवेला लिहून विचारलं. चौघांनीही उत्तर दिलं. नवीन प्रमाणपत्र लागेल, तोवर डबी अमान्य, आणि अमान्य डबीच्या काळाची नोंद उपलब्ध नाही असं समजण्यात येईल. कंस परत घालायलाही तेच लागणार होतं.

* * *

डॉक्टर सबनीसांकडे आम्ही तिघे गेलो ते धीर मिळावा म्हणून. ते मेंदूचे जुने डॉक्टर, रुग्णाला काहीही लपवून न ठेवणारे. ती त्यांची चांगली सवय त्या दिवशी आम्हाला भोवली.

“हसणं आणि झटका यांत यंत्राला फरक कळत नसेल, पण माणसांना तर कळतो ना?” मी विचारलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “नेहमी नाही. झटक्याचा एक दुर्मीळ प्रकार आहे. त्यात रुग्ण पडत नाही, थरथरत नाही. हसतो. बघणाऱ्याला तो हसतोय असंच वाटतं.”

“पण मला तर हसण्याचं कारण होतं,” ताई म्हणाली. “ह्यांनी उखाणा...”

“हो. बहुधा ते साधं हसणंच होतं.”

ताई ‘बहुधा’ या शब्दापाशी थांबली. मग तिनं विचारलं, “डॉक्टर, मी हसत होते, का मला हसू आलं होतं?”

डॉक्टरांना प्रश्न कळला नसावा. मला कळला. झटका येतो. हसूही येतंच. आपण म्हणतो, हसू आलं, रडू आलं, जशी ती कुठून तरी बाहेरून येतात आणि आपण नुसते दार उघडतो. इतकी वर्षं हे बोलत आलो, पण कोण आलं हे कधी दार उघडून बघितलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर दाजींनी एकही कोटी केली नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई माझ्या कामावर आली. डबा घेऊन आली होती, धपाटे आणि दही. मी खात असताना ती डबीच्या पडद्याकडे बघत बसली.

“तापे, ही जुनी फाइल कुणालाबी बदलता येते ना?”

“येते.”

“मग ती गळालेली ओळ तू लिहिलीस तर? एकच ओळ. सर्व ठीक.” तिनं आवाज खाली आणला. “साहेब म्हणले ना, असलं तर शिफारस करतो. तू होतीस तिथं. तुला ठाऊक आहे ना मी हसतच होते?”

आता हे मी स्पष्टच सांगते. उत्तर द्यायला मला एक क्षण लागला. हो म्हणायचंच होतं, आणि मी म्हणालेही, “ठाऊक आहे, लिहिते.” पण त्या आधीच्या एका क्षणात मला सतरंजीवर आडवी पडलेली ताई दिसली, उघडं तोंड, आवाज नाही, डोळ्यांतून पाणी, आणि डॉक्टरांचा ‘बहुधा’ ऐकू आला. ताईनं तो क्षण बघितला. ती माझी थोरली बहीण आहे, माझं तोंड तिला पाठ आहे.

“राहू दे,” ती म्हणाली.

“अगं, लिहिते म्हणलं ना.”

“घाटात गाडीत शेहेचाळीस माणसं असतात, तापे. तुलाच नक्की माहीत नाही. मलाबी नाही.” तिनं डब्याचं झाकण लावलं. “उगं कशाला.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. मी जागेवर बसून रडले, आणि रडू आलं की मी रडले, याचाही विचार केला.

* * *

ताईनं नव्यानं ठिपके सुरू केले. पण या वेळी तिनं आणखी एक केलं. हजारो ओळींची झुंबड कशानं उडते हे तिला कळलं होतं. पुन्हा तशी झुंबड नको, म्हणून तिनं हसू आत येणारी सगळी दारं बंद केली.

लग्नांना जाणं सोडलं. शेजारच्या बायकांच्या भिशीला जाणं सोडलं, कारण तिथे सुलोचनावहिनी नकला करायच्या. मी घरी गेले की आम्ही भाज्यांच्या दरांवर बोलायचो. एकदा बोलता बोलता मी जिंतूरकर साहेबांसारखा चष्मा सारखा केला. तिच्या ओठांचा कोपरा हलला आणि ती लगेच उठून आत गेली. नळाचा आवाज आला. ती तोंडावर पाणी मारत होती. त्यानंतर मी नकला केल्या नाहीत.

आणि दाजी. त्यांना कुणी काही बोललं नव्हतं. ताई तर कधीच म्हणाली नाही की तुमच्यामुळं झालं. पण माणूस आपोआप आवरत गेला. आधी कोट्या गेल्या, मग गोष्टी गेल्या, मग ‘आज काय झालं माहितेय का’ हे वाक्य गेलं. जेवताना ते पोळी मागत आणि ती वाढत असे.

“मेव्हणीबाई,” एकदा ते मला अंगणात म्हणाले, “मला हिच्याशी दुसरं काही बोलायलाच येत नाही बघा. आजवर सुचलं ते सगळं हसायचंच सुचलं.”

मी यंत्रं दुरुस्त करते, बोलणं नाही.

तीनशे पासष्टावा ठिपका पडला. प्रवासी सेवेच्या वाचकयंत्रानं मोहोरबंद नोंद उघडली, तपासली आणि मान्य केली. जिंतूरकर साहेबांनी स्वतः फोन केला. त्यांना मनापासून आनंद झाला होता. जाता जाता एवढंच म्हणाले, “नोंद पुढेही अशीच अखंड ठेवा. गाडी चालवताय तोवर.” म्हणजे वर्ष संपलं होतं, पण नियम संपला नव्हता.

त्या सकाळी आगारात सगळे जमले. गाडीला हार घातला. ताई गणवेशात उभी होती, थोडी वाळलेली, अगदी शांत. कुणी तरी पेढ्यांचा पुडा फोडला, आणि पेढे दिसल्यावर कुणाला राहवणार? “भास्करराव, उखाणा,” असा गलका झाला.

दाजींनी ताईकडे बघितलं. ताईनं समोर बघितलं. दाजी उभे राहिले, शर्टाची बाही सारखी केली, आणि हळूच, नीट पाठ केल्यासारखं म्हणाले,

“बालाघाटच्या माथ्यावर उगवली सकाळ,
कावेरीच्या सोबतीनं सुखाचा जावो काळ.”

या वेळी यमक बरोबर जुळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई म्हणाली, “छान आहे.” मग ती गाडीत चढली, आरसा जुळवला, आणि गाडी घाटाकडे निघाली. दाजी तिच्या मागच्या बाकावर बसले होते. प्रत्येक थांब्याला त्यांनी फक्त थांब्याचं नाव घेतलं, असं मला नंतर एका प्रवाशानं सांगितलं.

मी कामावर आले आणि ताईच्या वर्षभराची जुनी फाइल उघडली. वाचायला आठवडा लागेल असं वाटलं होतं. दोनच ओळी होत्या.

सर्व ठीक
वरीलप्रमाणे, ५,२५,५९९ वेळा